जमिनीखालचं पेव

जिंतूर आता चारी अंगांनी शेतात शिरतं आहे. परभणी रस्ता, औंढा रस्ता, जालन्याकडे जाणारा रस्ता, कुठूनही गावात शिरलं तरी काल-परवापर्यंत तूर-कापूस उभा असलेल्या रानात चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे दगड दिसतात. घर होतं, कंपाउंड होतं, मागे अर्धा-पाऊण गुंठा परसासाठी राहतो. मग हौसेनं मोगरा, कढीपत्ता, लिंबू, दोन वाफे मेथी-कोथिंबिरीचे. पहिला पाऊस पडतो आणि आठवड्याभरात वाफ्यात लावलेल्याच्या आधी न लावलेलंच वर येतं. दोन बाया रोजानं लावून परस खुरपून घेतला जातो, जमीन आरशासारखी होते. पंधरा दिवसांनी हिरवळ पुन्हा जशीच्या तशी. घरातल्या माणसाला वाटतं, खुरपणी नीट झाली नाही. खुरपणी नीटच झालेली असते. कापली गेलेली असतात ती फक्त पानं, झाड जमिनीत शाबूत असतं.

मराठवाड्यात पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा-भुसकटाचं अस्तर द्यायचं, धान्य भरायचं आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वरून पाहणाऱ्याला नुसतं अंगण दिसे, आणि वर्षभराची ज्वारी पायाखाली असे. बहुवार्षिक तणांचा कारभार याच पद्धतीचा आहे. पानं उन्हात साखर तयार करतात, गरजेपुरती वापरतात आणि उरलेली पिष्टाच्या रूपात जमिनीखालच्या कांड्यांत, गाठींत, मुळांत साठवतात. वरचा भाग खुरप्यानं छाटला, जनावरानं खाल्ला की उन्हाळ्यात वाळला, तरी पेव भरलेलं असतं. त्यातलंच थोडं काढून नवा कोंब वर येतो.

इथे एक बारकावा आहे आणि तण काढण्याची सगळी विद्या त्याच्यावर उभी आहे. नवा कोंब वर आल्यावर पहिले काही दिवस तो पेवातलं खात असतो. तीन-चार पानं उघडली, उन्हात कामाला लागली की प्रवाह उलटतो आणि पेवात भर पडू लागते. कोंब दिसल्यापासून भर सुरू होईपर्यंतचे दिवस म्हणजे तण सर्वांत कंगाल असण्याचे दिवस. याच दिवसांत पुन्हा कापलं तर साठा आणखी घटतो. महिनाभर थांबून, चांगलं वीतभर वाढू देऊन कापलं तर खर्च भरून निघालेला असतो आणि खुरपणीची मजुरी तेवढी वाया जाते.

म्हणून आधी ओळख, मग हत्यार. ओळखही पानावरून थांबवायची नाही. एखादं रोपटं कुदळीनं मातीच्या गोळ्यासकट उचलावं, बादलीत धुवावं आणि खाली काय आहे ते पाहावं. लांब पांढऱ्या काशा, म्हणजे जमिनीखालचे आडवे ताणे, आहेत, दोऱ्यात ओवलेल्या गाठी आहेत, की सरळ खाली गेलेली एकच मुळी आहे? तिन्हींना वेगळी वागणूक लागते. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर तण कमी होण्याऐवजी वाढतं.

जिंतूरच्या परसात सर्वांत आधी भेटते ती हराळी. गणपतीच्या दूर्वा त्या हिच्याच. जमिनीलगत सरपटणारा ताणा, बोटभर अंतरावर पेर, प्रत्येक पेरातून खाली मुळं आणि वर कोंब. फुलोरा पक्ष्याच्या पायासारखा, टोकाशी तीन ते सहा बारीक बोटं पसरलेली. शास्त्रीय नाव सिनोडॉन डॅक्टिलॉन. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘कुत्र्याचा दात’, आणि तो तिच्या जमिनीतल्या टोकदार, कडक कोंबांना तंतोतंत लागू पडतो. वरचा ताणा आणि खालच्या काशा अशा दोन वाटांनी ती पसरते. काशांचं प्रत्येक पेर म्हणजे एक नवं रोप. एक पेर असलेला तुकडासुद्धा ओलीत पडला की धरतो.

यावरून एक गोष्ट आपोआप ठरते. हराळीच्या जागेत रोटाव्हेटर किंवा पॉवर वीडर फिरवू नये. नव्या प्लॉटवर हेच हमखास होतं. ‘एकदा रोटा मारून घेऊ, जमीन भुसभुशीत होईल,’ असं म्हणून ट्रॅक्टर बोलावला जातो. दहा मिनिटांत जमीन रव्यासारखी होते खरी, पण एका काशेचे वीस तुकडे होऊन ते परसभर सारखे पेरले जातात. आधी हराळी एका कोपऱ्यात होती, आता ती सगळीकडे असते. नांगर उलटवतो, रोटाव्हेटर चिरतो. हा फरक जुन्या शेतकऱ्यांना शिकवावा लागत नाही. प्लॉटवर नव्यानं बाग करणाऱ्यांना तो सांगायला हवा.

हराळीसाठी जिंतूरकडे दोन जमेच्या बाजू आहेत, काळी माती आणि मे महिना. काळी माती ओली असताना चिकटते आणि कोरडी झाली की दगड होते, म्हणून बाग करणारे तिला नावं ठेवतात. हराळीच्या कामी मात्र हाच गुण उपयोगी पडतो. रब्बी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीत थोडी ओल असतानाच ती वीतभर, जमलं तर त्याहून खोल खणायची आणि ढेकळं मोठीच ठेवायची. फोडायची नाहीत, पाणी द्यायचं नाही, झाडाची सावली असेल तर ढेकळं उन्हात ओढायची. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या पुढे जाणं नेहमीचंच आहे. त्या उन्हात ढेकूळ आतपर्यंत सुकतं आणि आतल्या काशाही सुकतात. मधे एकदा-दोनदा ढेकळं पालथी केली की खालची बाजूही वाळते. हीच शेतातली उन्हाळी नांगरट, परसाच्या मापानं केलेली. रोहिणीच्या सरी पडल्या की ढेकळं आपोआप विरघळतात. मग वाफसा आल्यावर दाताळ्यानं माती ओढून उरलेल्या काशा वेचायच्या. लहान मुलांना हे काम आवडतं, आणि त्यांच्या नजरेतून पांढरा तुकडा सुटत नाही.

वेचलेल्या काशांचं काय करायचं, इथे पुष्कळांचं चुकतं. त्या उकिरड्यावर टाकल्या की तिथल्या ओलीत धरतात आणि पुढच्या वर्षी शेणखतातून वाफ्यात परत येतात. फरशीवर, पत्र्यावर पसरून मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत त्या वाळवाव्यात. मगच खतात टाकाव्यात.

एका उन्हाळ्यात काम पुरं होत नाही. काही काशा खोल राहतातच. पुढे मदतीला सावली येते. हराळी उन्हाचं झाड आहे, सावलीत ती झुरते. खणलेल्या जागेवर पावसाळ्यात लगेच नाजूक फुलझाडं लावण्याऐवजी दाट बोरू म्हणजे ताग, चवळी किंवा डांगराचा वेल सोडावा. डांगराची रुंद पानं जमीन झाकतात, वर भाजीही मिळते. तागाला फुलं येण्याच्या सुमारास तो कापून मातीत गाडला तर काळ्या मातीचा चिकटपणाही कमी होतो. या झाकणाखालून जी हराळी डोकं काढेल ती अशक्त, लांबुळकी असते आणि हातानं निघते.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून कंपाउंडखालून येणाऱ्या हराळीचं दुखणं वेगळं. तिथे औषध चालत नाही, आडकाठी लागते. शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे बांधकामाच्या ढिगात हमखास पडलेले असतात. ते भिंतीलगत फूटभर खोल चरात उभे, एकमेकांना चिकटून गाडले आणि दोन बोटं वर ठेवले की काशांची वाट बंद होते. वरून उडी मारणारे ताणे तेवढे महिन्याला कापायचे.

एवढं सांगितल्यावर हराळीची बाजूही मांडायला हवी. बांधावरची माती धरून ठेवायला तिच्याइतकं स्वस्त आणि चिवट काही नाही. उतारावरच्या रानात बांध फुटत नाही तो बऱ्याच अंशी तिच्यामुळे. गुरं ती आवडीनं खातात. जगभरच्या मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून जी हिरवळ विकत घेऊन लावली जाते, ती याच जातीची किंवा तिच्या संकराची. हराळी वाईट नाही. ती वाफ्यात असते तेव्हा चुकीच्या जागी असते.

लव्हाळ्याबद्दल असं काही म्हणणं कठीण आहे. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ काढला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला आहे आणि दुसरा हराळीला. ९२ देशांत आणि ५२ पिकांत लव्हाळा त्रास देतो, अशी नोंद त्यांनी केली. जगातली पहिली दोन तणं जिंतूरच्या एकाच परसात शेजारी-शेजारी असतात. तिथे बाग करणाऱ्यानं आपल्या अपयशाबद्दल स्वतःला फार बोल लावू नये.

लव्हाळ्याची ओळख बोटांनी पटते. दांडा चिमटीत धरून फिरवावा. गवताचा दांडा गोल लागतो, लव्हाळ्याचा तिधारी. पानंही तीन दिशांना, गडद हिरवी, चकाकणारी. माथ्यावर तांबूस-तपकिरी फुलोरा. उपटलं की हातात पान आणि बारीक पांढरा दोरा येतो, गाठ खालीच राहते. खणून काढलं तर शेंगदाण्याएवढ्या काळपट गाठींची माळ दिसते, आणि गाठ चुरडली की सुवास येतो. हाच नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात तो असतो, आयुर्वेदात मुस्ता म्हणून तो ताप आणि पचनाच्या तक्रारींवर शतकानुशतकं वापरला जातो, अत्तराच्या धंद्यात त्याच्या तेलाला मागणी आहे. सुदानमधल्या अल खिदाय इथे हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या दातांवरच्या किटणात लव्हाळ्याच्या गाठींचे अंश सापडले आणि २०१४ साली त्यावर शोधनिबंध आला. ती माणसं गाठी खात होती, आणि त्यांचे दात फारसे किडलेले नव्हते. गाठीतल्या जंतुनाशक गुणांचा हा परिणाम असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. पुरात टिकणारा म्हणून तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेच्या दाखल्यात जागा दिली, त्यामुळे मराठी माणसाच्या मनात त्याची प्रतिमा वाकणाऱ्या पात्याची आहे. पाती वाकतात हे खरंच. पण जमिनीखालच्या गाठी त्याला किती धरून ठेवतात, हे वाफा खणणाऱ्याला कळतं.

माळेतल्या गाठींचं एकमेकींशी नातं विलक्षण असतं. टोकाची गाठ फुटलेली असेल तोवर मागच्या गाठी दबून, झोपल्यासारख्या राहतात. माळ तुटली की हा दाब जातो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. अर्धवट खुरपणीनंतर लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट का येतो, त्याचं उत्तर इथे आहे. एकेका गाठीवर अनेक डोळे असतात. एक कोंब मेला की दुसरा डोळा फुटतो. कोंब वर आल्यापासून साधारण तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, आणि हंगामभरात एका गाठीच्या डझनावारी होतात.

यावर खरा उपाय एकच, आणि तो सांगायला सोपा, पाळायला अवघड आहे. दर पंधरवड्याला, न चुकता, कोंब मुळापासून काढायचा. नवी गाठ धरायच्या आत. मृगापासून दिवाळीपर्यंत एकही पंधरवडा चुकवायचा नाही, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. महिन्यातून एकदा करून काही साधत नाही, कारण तोवर वजाबाकीपेक्षा बेरीज मोठी झालेली असते. परस मोठा असेल तर सगळीकडे थोडं-थोडं करण्यापेक्षा दोन वाफे निवडून तिथेच हा नेम पाळावा. निम्म्या नेमानं पूर्ण परस राखता येत नाही, पूर्ण नेमानं निम्मा परस राखता येतो.

उन्हाळ्यात खणून वर आणलेल्या गाठी हराळीसारख्याच उन्हात मरतात, एक-दोन आठवडे कडक ऊन लागतं. अडचण खोलीची आहे. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, पण काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते. या मातीतली चिकण ओलीत फुगते आणि कोरडी झाली की आकसते. भेगांत हात जातो, आणि वरची माती, बिया, गाठी त्यात घरंगळतात. पहिल्या पावसानं भेग मिटते आणि गाठ हातभर खाली पुरली जाते. लाल मातीतल्या बागाइतदारानं सांगितलेली खोली जिंतूरला म्हणूनच कमी पडते. खणण्याआधी भेगांत डोकावून पाहण्याची सवय इथल्या माळ्यानं लावून घ्यावी.

प्लॅस्टिकच्या मल्चिंगवर पुष्कळांचा भरवसा असतो. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो मल्चिंग पेपर फोडून वर येतो. टरबुजाच्या मल्चिंगमधून वर आलेली लव्हाळ्याची पाती मराठवाड्यात पाहायला मिळतात. त्यापेक्षा खोक्यांचा जाड पुठ्ठा दोन-तीन थरांत अंथरून वर वीतभर पालापाचोळा टाकलेला बरा. पुठ्ठा वर्षात कुजतो, तोवर झोंबाझोंबी कमी होते. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक कडा गाडून चार ते सहा आठवडे अंथरलं, तर खालची वरवरची माती इतकी तापते की एकवर्षायू तणांच्या बिया मोठ्या प्रमाणात मरतात. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यासाठी ही युक्ती उत्तम. खोलवरच्या गाठींपर्यंत मात्र ती उष्णता पोचत नाही.

लव्हाळा परसात येतो कसा? बहुतेक वेळा माणूसच त्याला भाड्याच्या ट्रॉलीतून आणतो. मुरमाड जागेवर बाग करायची म्हणून काळी माती किंवा तळ्यातला गाळ मागवला जातो. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यावर गाळ टाकण्याचं प्रमाण वाढलं, आणि गाळ शेताला पोषकही असतो. पण पाणथळ काठ ही लव्हाळ्याची आवडती जागा. काठाच्या गाळात गाठी असण्याचा संभव मोठा. ट्रॉली ओतून घेण्याआधी दोन फावडी माती पसरून, चाळून पाहावी. काळपट, तंतू लागलेल्या गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवावी. त्या एका नकारानं पुढच्या पाच वर्षांची कंबरदुखी वाचते.

नर्सरीच्या कुंडीतूनही अशीच पाहुणी येते, ती आंबुटी. तीन हृदयाकृती पानं, इवलं पिवळं फूल, चवीला आंबट. तिची शेंग पिकली की हात लागताच फुटते आणि बिया दूर उडतात. नव्या रोपाची वरची दोन बोटं माती काढून टाकली की बहुतेक काम होतं.

कुंदा हे नाव शहरी बागेत ऐकू येत नाही, पण शेतातून नुकत्याच निघालेल्या प्लॉटवर तो असू शकतो. खास दख्खनच्या काळ्या मातीतलं गवत, इस्कीमम पिलोसम. ‘पिलोसम’ म्हणजे केसाळ. त्याच्या काशा हराळीपेक्षा जाड आणि पुष्कळ खोल. लाकडी नांगराचा फाळ तिथवर पोचत नसे, म्हणून कुंद्याचं रान टिकावानं, हातानं खांदून काढावं लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवायला घेतला तेव्हा लोखंडानं जमीन नासते, अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. ती ओसरल्यावर लोखंडी नांगरानं जे काम केलं त्यात जमिनीच्या खालच्या थरापर्यंत पोचणं हे मोठं होतं. गवताच्या मुळांपायी सरकारं कशी हलतात याचं मोठं उदाहरण मध्य भारतातलं आहे. तिथे कांस या गवतानं लाखो एकर काळी जमीन पडीक पाडली होती. त्याची मुळं उखडायला ट्रॅक्टर हवे होते, म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये भारतानं जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. स्वतंत्र भारताला त्या बँकेकडून मिळालेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं.

परसातल्या कुंद्याला ट्रॅक्टर लागत नाही. एकेक ठोंब हेरून त्याच्याभोवती हात-दीड हात खोल खड्डा घ्यावा, काशा अखंड निघतील अशा बेतानं. काम जड आहे, पण ते एकदाच करावं लागतं, कारण कुंदा लव्हाळ्यासारखा गाठींनी विखुरत नाही.

रब्बीत, गव्हाच्या वाफ्यात किंवा गुलाबाच्या आळ्यात, एक नाजूक वेल चढतो. पान बाणाच्या टोकासारखं, फूल छोट्या नरसाळ्यासारखं, पांढरं-गुलाबी. कुठे त्याला चांदवेल म्हणतात, कुठे हरणपदी. दिसायला इतका गोजिरा की लोक तो ठेवून देतात. याची मुळी काही मीटर खोल जाऊ शकते आणि बिया जमिनीत वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. म्हणजे इथे खणून संपवणं हा मार्गच नाही. बोटभर मुळीचा तुकडाही पुन्हा फुटतो. चांदवेलीला उपाशी मारायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी जमिनीलगत कापत राहायचं, दोन-तीन वर्षं, आणि फूल कधीही पिकू द्यायचं नाही. गुलाबावर चढलेला वेल ओढू नये, काटे आणि फांद्या तुटतात. बुडाशी कापून वरचा वेल वाळू द्यावा.

केन्याचं तर आणखी नवल. निळं फूल, नावेसारख्या पुडीत बसलेलं, सगळ्यांना ठाऊक आहे. श्रावण-भाद्रपदात केन्याची भाजी होते. पण याच झाडाला जमिनीखालीही फुलं येतात, पांढरट, न उघडणारी. ती आतल्या आत स्वतःलाच फळवतात आणि मातीतच बी तयार करतात. वरची फुलं खुडून बी थांबवलं असं समजणाऱ्याला हे माहीत नसतं. उपटलेला केना ओल्या वाफ्यात टाकला की पेरापेराला मुळं सोडतो. कोवळा असतानाच मुळासकट काढून सरळ स्वयंपाकघरात न्यावा, हे सर्वांत चांगलं.

या सगळ्यांच्या तुलनेत गाजरगवत सोपं आहे. हे ऐकून कुणी चकित होईल, कारण १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेल्या या तणानं सगळा देश व्यापला, आणि जिंतूर-परभणी रस्त्याच्या कडाही त्यातून सुटलेल्या नाहीत. पण ते एकवर्षायू आहे, त्याला जमिनीखाली पेव नाही. फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, पावसानंतर मुळासकट उपटलं की ते रोप संपलं. त्याच्या स्पर्शानं अंगाला खाज आणि पुरळ येते, परागानं दमाही उसळतो, म्हणून उघड्या हातांनी नको. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकलराटा, १९८०च्या दशकात बंगळुरात आणला गेला. जिंतूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर परभणीला १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथे हे भुंगे वाढवून पावसाळ्यात वाटले जातात. मात्र हा भुंगा हराळी-लव्हाळ्याला तोंड लावत नाही. तो गाजरगवतापुरताच.

फवारणीचा विषय टाळता येत नाही, कारण परसात हराळी दिसली की कुणीतरी ‘राउंडअप मारा’ असं सांगतंच. राउंडअपमधलं ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. ते पानातून शिरतं, साखरेबरोबर खाली उतरतं आणि काशांपर्यंत पोचतं, म्हणून बहुवार्षिक तणांवर त्याचं नाव झालं. पण झाड हिरवं, वाढतं असेल तरच साखर खाली जाते. उन्हाळ्यात सुकलेल्या, धुळीनं माखलेल्या हराळीवर फवारणी केली तर पैसे जातात. गढूळ पाण्यात कालवलं तर मातीचे कणच औषध धरून ठेवतात. केन्यावर ते फारसं लागूही पडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असं बंधन घातलं. घरच्या परसात, जिथे दहा पावलांवर पाण्याचा हौद आहे, मुलं खेळतात आणि शेजारच्या वाफ्यात पालक आहे, तिथे हे औषध आणूच नये. अर्ध्या गुंठ्याला कुदळ पुरते.

मीठ टाकण्याचा सल्ला त्याहून घातक. फरशीच्या फटीत ते चालेल, वाफ्यात कधीच नको. काळ्या मातीत सोडियम वाढला की चिकण विस्कटते, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. हराळी तर खारटपणा बऱ्यापैकी सोसते. म्हणजे मोगरा मरतो आणि हराळी राहते.

‘तण खाई धन’ ही म्हण मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आहे. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी ती उलटवून ‘तण देई धन’ नावाचं पुस्तक लिहिलं. तणांची मुळं जागच्या जागी कुजली तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, म्हणून तणाकडे शत्रू म्हणून पाहू नका, असा त्यांचा आग्रह आहे. परसात या म्हणण्याचा उपयोग एकवर्षायू तणांपुरता नक्की करावा. माठ, कुर्डू, घोळ फुलण्याआधी कापून वाफ्यातच आच्छादन म्हणून टाकावेत. हराळी, लव्हाळा, चांदवेल यांना ही सवलत देता येत नाही. त्यांची मुळं कुजत नाहीत, फुटतात.

जिंतूरच्या परसाचं वर्ष मग साधारण असं जातं. होळीच्या सुमारास खणणं आणि ढेकळं उघडी टाकणं. अक्षय्य तृतीयेपर्यंत ती एकदा पालथी करणं. रोहिणीत काशा-गाठी वेचणं, मृगात बोरू किंवा डांगर. मृगापासूनच दर पंधरवड्याला लव्हाळ्याच्या कोंबांची फेरी, सकाळी माती ओलसर असताना, अर्धा तास. पोळ्याच्या आसपास बोरू गाडणं. थंडीत चांदवेल दिसली की बुडाशी कात्री. पहिल्या वर्षी घमेल्यानं निघणाऱ्या काशा दुसऱ्या वर्षी ओंजळीत मावतात. लव्हाळ्याला तिसरं वर्षही लागतं.

आणि कंपाउंडच्या एखाद्या कोपऱ्यात, नळाच्या ओलीजवळ, शहाबादी फरशीचे चार तुकडे उभे गाडून हातभर चौकट करावी. तिच्या आत हराळी ठेवावी, फवारणी नसलेली, स्वच्छ. भाद्रपदात गणपतीच्या एकवीस दूर्वांसाठी पहाटे नाल्याकाठी जावं लागत नाही. तीन पात्यांची कोवळी जुडी खुडताना चौकटीबाहेर आलेला ताणा दिसला, तर तोही त्याच वेळी कापून घ्यावा.